चुकून लागले, मग 'सॉरी' कशाला?

हॉकी खेळताना नकळत कुणाला स्टिक लागली, तर माफी मागावी का? माफी मागितली की दोष कबूल केल्यासारखे होते, अशी अनेकांची समजूत असते. ती कितपत खरी आहे?

४ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुष हॉकीचा उपांत्यपूर्व सामना. समोर ग्रेट ब्रिटन. सामन्याच्या सतराव्या मिनिटाला मैदानाच्या मध्यभागी चेंडूसाठी झटापट चालू असताना भारताचा बचावपटू अमित रोहिदास याची स्टिक ब्रिटनच्या विल कॅलननच्या चेहऱ्याला लागली. मैदानावरच्या पंचांना आधी हा प्रकार फारसा गंभीर वाटला नव्हता. पण प्रकरण व्हिडिओ पंचांकडे गेले, तेथे चित्रफीत तपासली गेली आणि रोहिदासला लाल कार्ड दाखवण्यात आले. भारताला उरलेली सुमारे ४३ मिनिटे दहाच खेळाडूंनिशी लढावे लागले.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २२व्या मिनिटाला कर्णधार हरमनप्रीत सिंगने गोल केला, २७व्या मिनिटाला ब्रिटनच्या ली मॉर्टनने बरोबरी साधली. १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेश भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत ४-२ असा जिंकला. मात्र रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. हॉकी इंडियाने दाद मागूनही ती उठली नाही. त्याच्याविना खेळलेला उपांत्य सामना भारताने जर्मनीविरुद्ध २-३ असा गमावला. पुढे ८ ऑगस्टला स्पेनला २-१ असे हरवून आपण कांस्यपदक मिळवले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

त्या लाल कार्डावर आपल्याकडे घराघरांत वाद झाला. "त्याने मुद्दाम मारलेच नव्हते," असे बहुतेकांचे म्हणणे होते. हा वाद ऑलिंपिकपुरता नाही. ओडिशातील सुंदरगडच्या खेड्यांत, जिथून रोहिदास आला, पंजाबातील संसारपुरात, किंवा धनराज पिल्ले ज्या मातीत घडला त्या पुण्याच्या खडकीत, जिथे जिथे मुले हातात स्टिक घेऊन धावतात, तिथे तिथे कधी ना कधी कुणाच्या नडगीला, कुणाच्या बोटांना, कुणाच्या ओठाला स्टिक लागतेच. अशा वेळी लागलेला मुलगा जमिनीवर बसून कळवळत असतो आणि ज्याची स्टिक लागली तो समोर गोंधळून उभा असतो. काय करावे त्याने? जवळ जाऊन 'सॉरी' म्हणावे, की गप्प राहावे?

याबाबत दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, "सॉरी कशाला? मुद्दाम थोडेच मारले? आपणच माफी मागितली तर पंचाला वाटेल, याचीच चूक आहे." दुसरे मत म्हणते, "तुझ्यामुळे लागले ना? मग चूक तुझीच. माग माफी." वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी आहेत. पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माफी मागणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आणि नेमके तेच तपासून पाहण्याची गरज आहे.

पंच काय पाहतो?

प्रथम नियमांकडे वळू. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक. स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालते. हे सामान घेऊन बावीस माणसे एका मैदानावर पळणार म्हटल्यावर कुणालाच काही लागणार नाही, असे होऊच शकत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमपुस्तकात सुरुवातीलाच बजावलेले आहे, की खेळात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन वागले पाहिजे.

स्टिक धोकादायक रीतीने वापरायची नाही, असा नियम आहे. 'मुद्दाम धोकादायक रीतीने' असे त्यात म्हटलेले नाही. नुसते 'धोकादायक' एवढेच म्हटले आहे. चेंडूबाबतही तसेच. समोरच्याला स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला व्हावे लागले, तर तो चेंडू धोकादायक ठरतो. मारणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न तिथे येतच नाही.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती शिक्षा ठरवताना. 'डी'मध्ये बचावपटूकडून नकळत नियमभंग झाला आणि त्यामुळे होऊ घातलेला गोल अडला नसेल, तर पेनल्टी कॉर्नर मिळतो. चेंडू ताब्यात असलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तोच नियमभंग जाणूनबुजून केला असेल, तर पेनल्टी स्ट्रोक. मात्र नियमभंगामुळे होणारा गोल अडला, तर हेतू असो वा नसो, पेनल्टी स्ट्रोकच. म्हणजे पंच तीन गोष्टी पाहतो : काय घडले, त्याचा परिणाम काय झाला आणि ते जाणूनबुजून केले का. त्यानुसार तो नुसती फ्री हिट देईल किंवा हिरवे, पिवळे अथवा लाल कार्ड काढील. हिरव्या कार्डाला दोन मिनिटे बाहेर, पिवळ्याला किमान पाच मिनिटे, लाल म्हणजे त्या सामन्यापुरता खेळ संपला.

या सबंध यादीत 'खेळाडूने माफी मागितली का' हा प्रश्न कुठेच नाही. माफी मागितल्याने हिरव्याचे पिवळे होत नाही आणि न मागितल्याने पिवळ्याचे हिरवे होत नाही. पंचाने स्टिक कुठे होती ते पाहिलेले असते. नंतर तोंडातून काय निघाले, यावर त्याचा निर्णय ठरत नाही. तेव्हा 'सॉरी म्हटले तर कार्ड मिळेल' ही भीती निदान नियमांच्या दृष्टीने तरी निराधार आहे.

स्टिक तुझी, जबाबदारी तुझी

दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारा नियम आपल्या हॉकीत नाही. तो आहे कॅनडा-अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या आइस हॉकीत. तेथील नॅशनल हॉकी लीगचे नियमपुस्तक सांगते, की खेळाडूने आपली स्टिक ताब्यात ठेवली पाहिजे आणि तिच्यासाठी तो जबाबदार आहे. स्टिक खांद्याच्या वर उचलली जाऊन प्रतिस्पर्ध्याला लागली, तर दोन मिनिटे बाहेर बसायचे. लागून इजा झाली, तर दुप्पट, म्हणजे चार मिनिटे. आणि ही चार मिनिटे ती इजा अपघाताने झाली असली तरी भोगावी लागतात. गोलवर फटका मारताना स्टिक सहज मागेपुढे जाऊन कुणाला लागली, तर तेवढी सूट आहे.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. नियम त्या खेळाडूला दुष्ट म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो, की स्टिक तुझ्या हातात होती, तिच्यामुळे दुसऱ्याला लागले, तेव्हा त्याचा भार थोडा तूही उचल. आपल्या घरातही हाच न्याय चालतो. पाहुण्यांच्या अंगावर आपल्या हातून चहा सांडला, तर 'मी मुद्दाम सांडला नाही' असा खुलासा करत आपण बसून राहत नाही. आधी उठून फडके आणतो, भाजले का ते विचारतो. दोष कुणाचा हे नंतर पाहता येते. पहिल्यांदा पाहायचे ते भाजलेल्या हाताकडे.

पाय लागला की नमस्कार

खरे तर या बाबतीत आपल्याला कुणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. आगगाडीच्या गर्दीत, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या बाकावर चुकून कुणाला पाय लागला, तर आपला हात आपोआप त्या माणसाकडे जातो आणि मग आपल्या कपाळाला लागतो. समोरचाही लगेच 'असू दे, असू दे' म्हणतो किंवा स्वतःही हात जोडतो. ही रीत महाराष्ट्रातच नव्हे, देशाच्या बहुतेक भागांत आहे. पाय पुस्तकाला लागला तरी आपण तेच करतो. त्या वेळी 'पाय कुणी आधी पुढे केला होता' याची चौकशी कुणी करतो का? नमस्कार करणारा गुन्हा कबूल करतो आहे, असे कुणाला वाटते का? मुळीच नाही. त्या नमस्काराचा अर्थ एवढाच, की माझ्यामुळे तुझा मान दुखावला गेला, तो दुखवावा अशी माझी इच्छा नव्हती, तुझी मला किंमत आहे.

टेनिसमध्येही अशीच एक रीत आहे. चेंडू जाळीच्या वरच्या कडेला लागून पलीकडे टप्पकन पडला आणि त्यावर गुण मिळाला, की खेळाडू हात किंवा रॅकेट उंचावून प्रतिस्पर्ध्याची क्षमा मागतो. त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो, गुणही तो परत करत नाही. नशिबाने मिळाले याची ती नम्र दखल असते.

मराठी भाषेनेही हा फरक फार पूर्वीपासून जपला आहे. 'दिलगिरी व्यक्त करणे' आणि 'माफी मागणे' हे आपल्याकडे वेगळे शब्दप्रयोग आहेत. जे घडले त्याचे मला वाईट वाटते, ही झाली दिलगिरी. मी चुकीचे वागलो, मला क्षमा करा, ही झाली माफी. सभागृहात एखाद्याने नुसती दिलगिरी व्यक्त केली, की विरोधक 'माफीच मागा' म्हणून अडून बसतात. कारण दोन्हींचे वजन सारखे नाही, हे सर्वांना कळते. घोटाळा झाला तो 'सॉरी' या इंग्रजी शब्दाने. हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. मयताच्या घरी जाऊनही इंग्रजी बोलणारा 'सॉरी' म्हणतो, तेव्हा तो मृत्यूची जबाबदारी घेत नसतो. आणि उधळपट्टी पकडली गेल्यावर नवराही 'सॉरी'च म्हणतो, तेव्हा मात्र कबुलीच देत असतो. मैदानावर आपल्या मुलांच्या तोंडी आता हाच शब्द आहे. म्हणून तो कोणत्या अर्थाने वापरायचा, हे त्यांना नीट सांगायला हवे.

कायद्याची धास्ती

माफी म्हणजे कबुली, ही भीती मैदानापेक्षा कोर्टकचेरीतून अधिक आली आहे. अमेरिकेत अपघातानंतर 'काही बोलू नकोस, सॉरी तर मुळीच म्हणू नकोस' असा सल्ला वकील देत आले. त्याचा परिणाम किती क्रूर होऊ शकतो, हे मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसून आले. तेथील एका राज्य सिनेटरची मुलगी १९७४ मध्ये सायकलवरून जात असताना मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडली. मोटार चालवणाऱ्याने तिच्या वडिलांपाशी दुःखाचा एक शब्दही काढला नाही. दिलगिरीचा शब्द कोर्टात आपल्यावरच उलटेल, ही त्यामागची भीती होती. या अनुभवातून पुढे १९८६ मध्ये त्या राज्यात कायदा झाला, की अपघातात सापडलेल्या व्यक्तीबद्दल किंवा तिच्या कुटुंबाबद्दल व्यक्त केलेली सहानुभूती दोषाच्या कबुलीचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

त्यानंतर इतरांनीही ही वाट धरली. कॅलिफोर्नियाच्या २०००च्या कायद्याने बारीक भेद केला. 'तुम्हाला लागले याचे मला वाईट वाटते' हे वाक्य पुरावा म्हणून चालणार नाही, पण 'चूक माझीच होती' हे वाक्य चालेल. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्यात म्हटले आहे, की केवळ माफी मागितली किंवा उपचाराची तयारी दाखवली, म्हणून निष्काळजीपणा कबूल केला असे ठरत नाही. आइस हॉकीचे माहेरघर असलेल्या कॅनडात तर त्याही पुढचे पाऊल पडले. ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑन्टॅरिओने २००९ मध्ये कायदा करून असे ठरवले, की माफीच्या शब्दांत चुकीची कबुली असली तरीसुद्धा, दिवाणी दाव्यात ती माफी मागणाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही. माणसांनी एकमेकांची विचारपूस करावी, म्हणून विधिमंडळांना कायदे करावे लागले, यावरून ही धास्ती किती खोल गेली होती ते कळते.

आपल्याकडे माफीबद्दल असा वेगळा सर्वसाधारण कायदा केलेला नाही. पण खेळात झालेल्या इजेबद्दल आपला फौजदारी कायदा पहिल्यापासून समंजस आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८७ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २५ म्हणून आले आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिलेली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल, तसे होण्याचा संभव आहे याची जाणीवही नसेल, तर अशा कृत्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय. त्याखाली दिलेले उदाहरण तर खेळाचेच आहे. दोघे जण मौजेखातर तलवारबाजी खेळायचे ठरवतात. खोटेपणा न करता, नियमाने खेळताना होणारी इजा सोसण्याची तयारी त्यात आलीच. तेव्हा सरळपणे खेळताना एकाकडून दुसऱ्याला लागले, तर तो गुन्हा नव्हे. तलवारीच्या जागी स्टिक ठेवली, तरी तत्त्व तेच राहते. मैदानात पाऊल टाकणारा थोडेफार लागण्याची तयारी ठेवूनच येतो. लबाडीने किंवा सूड म्हणून केलेल्या प्रहाराची तयारी मात्र त्याने ठेवलेली नसते.

माफीचीही लबाडी असते

याचा अर्थ 'सॉरी' हा शब्द सर्व पापे धुऊन काढतो, असा मात्र नाही. काही खेळाडू या शब्दाचा ढालीसारखा उपयोग करतात. दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी पायावर स्टिक हाणायची आणि लगेच दोन्ही हात वर करून निरागस चेहऱ्याने पंचाकडे पाहत 'सॉरी, सॉरी' म्हणायचे. हे शब्द लागलेल्यासाठी नसतात, पंचाला ऐकू जावेत म्हणून असतात. अशा माफीला चांगला पंच भुलत नाही. कारण तो शब्द ऐकत नसतो, स्टिक पाहत असतो.

मुद्दाम आणि नकळत यांच्यामध्ये आणखी एक मोठी जागा आहे, ती निष्काळजीपणाची. गर्दीत मागे न पाहता स्टिक फिरवणे, चेंडू निघून गेल्यावरही ती पुढे झोकत राहणे, अगदी जवळ उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू उचलणे, यात मारण्याचा हेतू नसतो हे खरे. पण काळजी घेतली असती तर लागले नसते, हेही तितकेच खरे. अशा वेळी 'मुद्दाम नव्हते' एवढे सांगून सुटका होत नाही. तेथे दिलगिरी पुरत नाही, माफीच हवी. आणि माफीबरोबर पुढच्या वेळी स्टिक खाली ठेवण्याचा निश्चयही हवा. तेव्हा नकळत लागलेल्या प्रत्येक वेळी दोष नसतोच, असेही म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्याशी प्रामाणिकपणे विचार करून ठरवायचे, की आपल्याकडून जे झाले ते टाळता येण्यासारखे होते का.

या खेळात सरळपणे खेळूनही किती मोठी इजा होऊ शकते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनच्या महिला संघाची कर्णधार केट वॉल्श हिला जपानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात चेहऱ्यावर स्टिक लागली आणि तिचा जबडा मोडला. शस्त्रक्रिया करून पट्टी बसवावी लागली. काही दिवसांतच ती त्याच स्पर्धेत पुन्हा मैदानात उतरली आणि तिच्या संघाने कांस्यपदक जिंकले. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले ते योग्यच. पण ज्या दिवशी जबडा मोडला, त्या दिवशी तो दोष कुणाचा होता यावर तिच्या वेदना अवलंबून नव्हत्या. हाड मोडले की मुद्दाम मोडले तरी दुखते आणि चुकून मोडले तरी तेवढेच दुखते. 'मुद्दाम नव्हते' हा खुलासा मारणाऱ्याच्या मनाला बरे वाटण्यासाठी असतो. लागलेल्याला प्रथम हवी असते ती विचारपूस.

मुलांना काय सांगावे?

मुलगा किंवा मुलगी हॉकी खेळत असेल, तर आईवडिलांनी आणि प्रशिक्षकांनी या गोष्टी आधीच समजावून सांगाव्यात. भांडण झाल्यावर कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसते.

स्टिक लागली की प्रथम थांबावे. समोरचा खाली पडला असेल, तर त्याला हाताला धरून ओढून उठवू नये. पंचांना खूण करावी. मार डोक्याला लागला असेल आणि गरगरणे, मळमळणे, काही न आठवणे अशी लक्षणे दिसत असतील, तर त्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळू नये आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे. एवढी दक्षता हीच पहिली माफी.

मग बोलावे. फार शब्द लागत नाहीत. "लागलं का रे? माझी स्टिक लागली तुला. मुद्दाम नव्हतं," एवढे पुरे. हे शब्द खरे आहेत, त्यात कसलीही खोटी कबुली नाही आणि कसलीही पळवाटही नाही. आपली स्टिक खरोखरच वर गेली होती असे वाटत असेल, तर तेही सांगावे. "माझीच स्टिक वर गेली, आता सांभाळीन," असे म्हणणारा मुलगा कुणाच्या नजरेतून उतरत नाही. एक शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे 'पण'. "सॉरी, पण तूच मध्ये आलास," या वाक्यात 'पण'च्या आधीचे सगळे वाया जाते.

बळेबळे माफी मागायला लावण्याचाही उपयोग होत नाही. मुलाचा दंड धरून "म्हण सॉरी" असे दटावले, की तो मान खाली घालून शब्द पुटपुटतो आणि मनात राग धरतो. त्याला माफी ही शिक्षा वाटू लागते. त्यापेक्षा "जा, त्याला किती लागलंय ते बघून ये," असे सांगावे. सुजलेली नडगी एकदा डोळ्यांनी पाहिली, की शब्द आपोआप तोंडात येतात.

लागलेल्या मुलाच्या घरच्यांवरही तेवढीच जबाबदारी आहे, किंबहुना थोडी अधिकच. समोरचा मुलगा सरळ मनाने जवळ येऊन 'सॉरी' म्हणतो आणि आपण लगेच "बघा, त्यानेच कबूल केले!" म्हणून पंचांकडे, प्रशिक्षकांकडे, मुख्याध्यापकांकडे धाव घेतो. असे एकदा घडले, की तो मुलगा आयुष्यभराचा धडा शिकतो. तो पुढच्या वेळी गप्प उभा राहील, आणि त्याच्याकडे पाहून त्याचा सगळा संघ तसाच गप्प राहायला शिकेल. अमेरिकेतल्या वकिलांनी जे मोटार चालवणाऱ्यांना शिकवले, तेच आपण आपल्या मुलांना नकळत शिकवू. तक्रार करायची असेल, तर ती जरूर करावी. पण जे घडले त्यावर करावी, त्या मुलाच्या माणुसकीचा पुरावा करून नव्हे.

रक्त देणारा कर्णधार

शेवटी हॉकीबाहेरची, पण आपल्या अगदी जवळची एक घटना. मार्च १९६२. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असलेल्या भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटीला जबर मार बसला. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, रक्ताची गरज पडली. तेव्हा रक्त देणाऱ्यांत पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे हे आपले खेळाडू होतेच. पण त्यांच्याबरोबर वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल हाही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, मात्र पुन्हा कधीही कसोटी सामना खेळला नाही. कोलकात्यात बंगालची क्रिकेट संघटना आजही दरवर्षी ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते.

वॉरेलने चेंडू टाकला नव्हता. त्याचा काडीमात्र दोष नव्हता. तरीही तो पुढे झाला, आणि त्याने रक्त दिले म्हणजे आपल्या गोलंदाजाची चूक कबूल केली, असे तेव्हाही कुणाला वाटले नाही, आजही वाटत नाही. दोष कुणाचा, याचा निवाडा करायला मैदानावर शिट्टी घेऊन पंच उभे असतात, आता तर त्यांच्या मदतीला व्हिडिओही असतो. "लागलं का?" एवढे विचारण्याचे काम मात्र कोणत्याही पंचाकडे सोपवता येत नाही. ते ज्याच्या हातात स्टिक असते, त्यालाच करावे लागते.